बॉम्बला कलमा पढवू नका

शत्रूराष्ट्राच्या हाती अणुबॉम्ब असेल तर त्याच्याशी कसे वागावे? हा प्रश्न दिल्लीत चर्चेला आला की त्याला संरक्षणनीती म्हणतात. परभणी, पाथरी, जिंतूर, गंगाखेडच्या चौकात तोच प्रश्न मुसलमानाला विचारला गेला की ती त्याची परीक्षा असते. विचारणाऱ्याला आपले मत नको असते. पाकिस्तानच्या बॉम्बचे नाव निघाल्यावर आपल्या चेहऱ्यावर काय उमटते, एवढेच त्याला पाहायचे असते. १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर हे झाले, १९९९ च्या कारगिल युद्धात झाले, २०२५ च्या मे महिन्यात पुन्हा झाले. त्याच वर्षी जूनमध्ये इस्रायल आणि अमेरिकेने इराणच्या अणुकेंद्रांवर बॉम्ब टाकले, तेव्हा पाकिस्तानच्या जागी इराण आला. सवाल तोच राहिला.

या परीक्षेला कंटाळून आपण दोन जबान्या तयार करून ठेवल्या आहेत. चौकातली जबानी अशी की, सरकार जे करील ते योग्य, आम्ही देशाबरोबर आहोत, विषय संपला. घरातली जबानी वेगळी. दस्तरखानावर, ओट्यावर, मोहल्ल्याच्या हॉटेलात कोणीतरी हळूच म्हणतो, “काहीही म्हणा, निदान एका मुस्लिम मुल्काकडे तरी आहे.” सगळेच असे म्हणत नाहीत, बहुसंख्य म्हणत नाहीत, पण म्हणणाऱ्याला कोणी टोकत नाही, हे खरे आहे. माझा आक्षेप दोन्ही जबान्यांवर आहे. पहिलीत आपण नागरिक असूनही आरोपीसारखे बोलतो. दुसरीत आपण मुसलमान असूनही इस्लामच्या विरुद्ध बोलतो. आणि दोन्हींत मूळ प्रश्न बाजूलाच राहतो. त्या प्रश्नावर या देशाच्या कोणत्याही माणसाइतकाच आपलाही हक्क आहे, म्हणून तो इथे सरळ घेऊ या.

आधी घर झाडू, मग चौकात जाऊ.

‘इस्लामी बॉम्ब’ नावाची थाप

पाकिस्तानचा बॉम्ब इस्लामच्या रक्षणासाठी जन्मला, असे ज्यांना वाटते त्यांनी त्याची जन्मकथा पाहावी. डिसेंबर १९७१ मध्ये पाकिस्तान फुटला आणि बांगलादेश झाला. ज्या फौजेने पूर्व पाकिस्तानात कत्तली केल्या ती मुसलमानांची होती आणि मेलेल्यांतही मुसलमानच अधिक होते. त्या पराभवानंतर दीड महिन्याच्या आत, जानेवारी १९७२ मध्ये, झुल्फिकार अली भुट्टो यांनी मुलतानला शास्त्रज्ञांना एकत्र बोलावून बॉम्बचा निर्णय केला. गवत खाऊ पण बॉम्ब करू, ही त्यांची भाषा तर त्याच्याही आधीची, १९६५ ची. या सगळ्यात इस्लाम कुठे होता? होती ती हरलेल्या सत्तेची इभ्रत. पुढे तुरुंगात फाशीची वाट पाहत असताना भुट्टोंनी लिहिले की ख्रिस्ती, ज्यू आणि हिंदू संस्कृतींकडे ही ताकद आहे, फक्त इस्लामी संस्कृतीकडे नाही. तेथून ‘इस्लामी बॉम्ब’ हा शब्द बाजारात आला. पाश्चात्त्य पत्रकारांना तो मुसलमानांची भीती दाखवायला हवा होता आणि आपल्यातल्या काहींना मिशीवर ताव मारायला. दोघांचाही धंदा चालला.

आता या बॉम्बचे इमान पाहा. तो करणारे डॉ. अब्दुल कदीर खान हे मूळचे भोपाळचे. त्यांनी ४ फेब्रुवारी २००४ रोजी पाकिस्तानच्या दूरचित्रवाणीवर येऊन अणुतंत्र बाहेर पुरवल्याची कबुली दिली. गिऱ्हाइकांमध्ये लिबिया होता, इराण होता आणि उत्तर कोरियाही होता. उत्तर कोरियाचा आणि कलम्याचा काय संबंध, ते कोणीतरी मला समजावून द्यावे. ६ एप्रिल १९९८ रोजी ज्या ‘घोरी’ क्षेपणास्त्राची चाचणी झाली आणि ज्याच्या नावाने आपल्याकडच्याही काही छात्या फुगल्या, ते मुळात उत्तर कोरियाच्या ‘नोडाँग’चेच रूप. वरून नाव बदलले, आतला लोखंडी सांगाडा प्याँगयाँगचा.

नावाचीही गंमत बघा. पाकिस्तानच्या एका क्षेपणास्त्राचे नाव ‘घोरी’, दुसऱ्याचे ‘गझनवी’. शहाबुद्दीन घोरीने ११८६ मध्ये लाहोर घेतले ते कोणा हिंदू राजाकडून नव्हे, गझनवी घराण्यातल्या शेवटच्या मुसलमान सुलतानाकडून. ज्याने ज्याचे राज्य बुडवले त्या दोघांची नावे एकाच शस्त्रागारात शेजारी शेजारी उभी आहेत. इतिहासाची एवढी तरी चौकशी करायची होती! आणि आपला या दोघांशी संबंध काय? गझनवी किंवा घोरी गोदावरीपर्यंत कधी आलेच नाहीत. आपल्या गावांत इस्लाम रुजला तो सूफींच्या खानकाहींतून. परभणीत हजरत सय्यद शाह तुराबुल हक यांच्या उरुसाला दर फेब्रुवारीत जे लाखो लोक जमतात त्यांत निम्म्यांच्या कपाळी कुंकू असते. तो आपला वारसा आहे. क्षेपणास्त्रावर रंगवलेले नाव आपला वारसा नाही.

आणखी एक गोष्ट सांगतो, ती जरा बोचेल. १९७४ साली भारताने १८ मे रोजी पोखरणला पहिला अणुस्फोट केला. त्याच वर्षी ७ सप्टेंबरला पाकिस्तानच्या संसदेने घटनादुरुस्ती करून अहमदियांना गैरमुस्लिम ठरवले. डॉ. अब्दुस सलाम यांनी त्याच्या निषेधार्थ सरकारच्या विज्ञान सल्लागारपदाचा राजीनामा दिला. १९७९ मध्ये त्यांना भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. १९९६ मध्ये ते वारले आणि रबवा येथे त्यांच्या कबरीवर ‘पहिले मुस्लिम नोबेल विजेते’ असे जे कोरले होते त्यातला ‘मुस्लिम’ हा शब्द सरकारी हुकमाने खोडला गेला. अहमदियांच्या अकिद्याचा वाद हा या लेखाचा विषय नाही. आलिम लोक तो करतील. माझा मुद्दा एवढाच आहे की त्या मुल्काने माणसाच्या कबरीवरून ‘मुस्लिम’ शब्द खोडला आणि तोच शब्द बॉम्बवर कोरला गेला तेव्हा हरकत घेतली नाही.

शरियत काय म्हणते?

काही जण म्हणतील, राजकारण सोडा, दुश्मनाला धाक बसेल इतकी ताकद तयार ठेवा असे दीनच सांगतो. ताकद तयार ठेवा हे खरे. पण कोणती ताकद, कोणाविरुद्ध? पहिले खलिफा हजरत अबू बक्र (र.) यांनी शामकडे फौज पाठवताना ज्या सूचना दिल्या त्या मदरशातल्या लहान मुलालाही ठाऊक असतात. बाईला, मुलाला, म्हाताऱ्याला मारू नका. फळांचे झाड तोडू नका. वस्ती उजाड करू नका. मठात बसलेल्या साधूंना त्रास देऊ नका. आता अणुबॉम्ब या कसोटीला लावा. तो शिपाई आणि शिंपी यांत फरक करीत नाही. पाळण्यातले मूल आणि खंदकातला सैनिक त्याला सारखेच. ज्या झाडाला फळ यायचे आहे ते झाड आणि ज्या जमिनीत ते रुजायचे आहे ती जमीन, दोन्ही तो जाळतो. ज्या हत्याराला नियम पाळताच येत नाहीत ते हत्यार जायज कसे? इराणच्या आयातुल्ला अली खामेनी यांनी अण्वस्त्रे हराम असल्याचे म्हटले होते आणि २००५ साली इराणनेच ते आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेपुढे अधिकृतपणे मांडले होते. त्यांच्या सरकारच्या इतर कृत्यांबद्दल कोणाचे काहीही मत असो, हे वाक्य विसरून आपल्यातले जे तरुण ‘इराणने आता बॉम्ब करावाच’ असे म्हणतात, त्यांनी आपण कोणाच्या वतीने बोलतो ते तपासावे.

आणि हा बॉम्ब पडलाच तर तो नाव-गाव विचारून पडणार नाही. परभणीपासून कराची सरळ रेषेत साधारण बाराशे किलोमीटर. ‘घोरी’चा पल्ला सुमारे तेराशे किलोमीटरचा सांगितला जातो. म्हणजे २०११ च्या जनगणनेतले आपल्या जिल्ह्याचे १८ लाख ३६ हजार लोक त्या पल्ल्यात आहेत, त्यांतले मुसलमान धरून. बॉम्ब लाहोर-कराचीवर पडला तरी आपण सुटत नाही. ब्रायन टून, अ‍ॅलन रोबॉक आदी शास्त्रज्ञांनी २०१९ मध्ये भारत-पाकिस्तान अणुयुद्धाचे गणित मांडले. त्यांच्या हिशेबाने काही दिवसांत ५ कोटी ते साडेबारा कोटी माणसे मरतील. जळत्या शहरांच्या काजळीने आभाळ झाकले जाईल आणि जगाचा पाऊस १५ ते ३० टक्क्यांनी घटेल. दूरचे लोक हा आकडा वाचून पान उलटतील. पण कोरडवाहू कापूस, तूर, सोयाबीन करणाऱ्या मराठवाड्याने तो नीट वाचावा. शेजारच्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, तेव्हा पृथ्वीवर कुठेही अणुयुद्ध झालेले नव्हते.

मराठवाड्याने एकदा किंमत मोजली आहे

हत्यारांच्या घमेंडीचे बिल कोणाच्या नावावर फाटते, हे बाहेरून शिकायची आपल्याला गरज नाही. ते आपल्याच घरात घडले आहे.

१९४८ साली परभणी हा निजामाच्या हैदराबाद संस्थानाचा एक जिल्हा होता आणि दिल्लीच्या दृष्टीने हैदराबाद हे पोटातले शत्रूराष्ट्र होते. नोव्हेंबर १९४७ मध्ये ‘जैसे थे’ करार झाला होता, बोलणी चालू होती, वेळ होता. पण लातूरचा वकील कासिम रझवी रझाकारांपुढे भाषणे ठोकत होता. लाल किल्ल्यावर आसफजाही झेंडा लावण्याच्या गोष्टी होत होत्या. सिडने कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून रात्री विमानाने बंदुका आणून उतरवत होता. खेड्यापाड्यांत रझाकारांनी हिंदूंवर, आणि विरोधात बोलणाऱ्या मुसलमानांवरही, जुलूम केले. शोएबउल्ला खान या पत्रकाराला ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत त्यांनीच मारले. ‘आमच्याकडे हत्यार आहे, कोण काय करतो पाहू’ ही त्या वेळची हवा होती.

१३ सप्टेंबरला भारतीय फौज आत आली. १७ ला निजामाने शरणागती जाहीर केली. १८ ला जनरल अल इद्रूस यांनी जनरल चौधरींपुढे शरणागती पत्करली. पाच दिवसांत बंदुकांची घमेंड संपली. मग ज्यांनी बंदूक कधी हाती धरली नव्हती त्यांचे दिवस सुरू झाले. पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार यांची समिती पंडित नेहरूंनी पाठवली. तिच्या अहवालाने संस्थानभरात किमान २७ ते ४० हजार माणसे मारली गेल्याचा अंदाज दिला. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर, नांदेड या जिल्ह्यांत कहर झाला. मेलेले बहुतेक गरीब मुसलमान होते. विणकर, कास्तकार, मजूर.

आणि कासिम रझवी? काही वर्षे तुरुंगात राहून तो १९५७ मध्ये सुटला आणि कराचीला निघून गेला. पुढारी कराचीला गेला, गाव इथेच राहिले. विधवा इथेच राहिल्या, पडक्या मशिदी इथेच राहिल्या, आणि ‘रझाकार’ ही शिवी आपल्या नातवंडांच्या वाट्याला इथेच राहिली. ज्या कौमेने हे पाहिले आहे तिने कोणाच्याही शस्त्राला, कोणत्याही नावाने, पुन्हा टाळ्या वाजवू नयेत. सत्ताधारी हत्याराची बढाई मारतो आणि त्याच्या नावाशी ज्याचे नाव जुळते तो परक्या मुल्कात त्याची किंमत मोजतो. इस्लामाबादेत कोणी अणुबॉम्बची धमकी दिली की त्याची झळ इस्लामाबादच्या आधी आपल्या मोहल्ल्याला लागते. म्हणून सांगतो, बॉम्बला कलमा पढवू नका.

‘उडवून टाका’ म्हणणाऱ्यांना

घर झाडून झाले. आता चौकाकडे वळू. तिथे उपाय एकच ऐकू येतो, आणि तो हिंदू-मुसलमान दोघांच्याही तोंडी असतो: शत्रूची अणुकेंद्रे आधीच उडवून टाका. इस्रायलकडून शिका म्हणतात. ठीक आहे, शिकू. फक्त धडा शेवटपर्यंत वाचू.

७ जून १९८१ रोजी इस्रायली विमानांनी बगदादजवळची ओसिराक अणुभट्टी उडवली. जगभर वाहवा झाली आणि निषेधही झाला. पण त्यानंतर सद्दामने काय केले? बॉम्बचा नाद सोडला? उलट युरेनियम समृद्ध करण्याचे काम त्याने गुप्तपणे, अधिक माणसे आणि अधिक पैसा लावून सुरू केले. ते उघडकीला आले आणि मोडून काढले गेले ते १९९१ च्या युद्धानंतर, आंतरराष्ट्रीय निरीक्षकांनी जागेवर जाऊन, कागद तपासून, यंत्रे मोजून. विमानांना जे दहा वर्षे दिसले नाही ते वहीपेन्सिल घेतलेल्या माणसांना दिसले.

२००३ साली तेच निरीक्षक, हान्स ब्लिक्स आणि मोहम्मद अल बरादेई, इराकमध्ये पुन्हा शोध घेत होते. आम्हाला काही सापडलेले नाही, आणखी मुदत द्या, असे ते सांगत होते. त्यांना मुदत मिळाली नाही. मार्चमध्ये हल्ला झाला, इराक बेचिराख झाला आणि ज्या महासंहारक अस्त्रांसाठी हे सारे झाले ती सापडलीच नाहीत.

तिसरा धडा इराणचा. १४ जुलै २०१५ रोजी इराण आणि सहा मोठी राष्ट्रे यांच्यात करार झाला. युरेनियम ३.६७ टक्क्यांपेक्षा जास्त समृद्ध करायचे नाही, साठा ३०० किलोच्या वर न्यायचा नाही, निरीक्षकांना दारे उघडी ठेवायची. इराण अटी पाळतो आहे, असे अणुऊर्जा संस्थेने पुन्हा पुन्हा लेखी कळवले. ८ मे २०१८ रोजी अमेरिकेने हा करार एकतर्फी सोडला. मग इराणनेही एकेक अट सोडली आणि एप्रिल २०२१ मध्ये तो ६० टक्क्यांवर गेला. जून २०२५ मध्ये आधी इस्रायलने आणि २२ जूनला अमेरिकेने फोर्दो, नतान्झ, इस्फहान येथे बॉम्ब टाकले. लगेचच जुलैच्या सुरुवातीला इराणने अणुऊर्जा संस्थेशी सहकार्य थांबवण्याचा कायदा केला. हल्ल्याच्या दिवशी ६० टक्के समृद्ध युरेनियम सुमारे ४४० किलो होते, हे संस्थेला ठाऊक होते. हल्ल्यानंतर ते नेमके कुठे आहे, हे पाहायला तिचे डोळे तिथे उरले नाहीत. दार उघडे असताना जे किलोवर मोजता येत होते ते बॉम्ब टाकून अंधारात ढकलले, यात कोण सुरक्षित झाले?

दर १ जानेवारीची यादी

मग करावे काय? यासाठी व्हिएन्ना-जिनिव्हाला जायला नको. उत्तराचा एक तुकडा आपल्याच दोन देशांनी तयार करून ठेवला आहे आणि तो दर वर्षी नव्या सालाच्या पहिल्या दिवशी वर्तमानपत्रात चार ओळींत छापून येतो. कोणी वाचत नाही.

ऐंशीच्या दशकात भारत पाकिस्तानचे कहुटा केंद्र उडवणार, अशी धास्ती इस्लामाबादेत होती. तसे करण्याचा सल्ला देणारे आपल्याकडेही होते. कहुटा उडवले असते तर तुर्भे उरले असते का, हा साधा विचार अखेर दोन्ही बाजूंना सुचला. ३१ डिसेंबर १९८८ रोजी राजीव गांधी आणि बेनझीर भुट्टो यांच्या उपस्थितीत इस्लामाबादला करार झाला: एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही. जानेवारी १९९१ मध्ये तो लागू झाला. आणि नुसते वचन नाही. दर १ जानेवारीला दोन्ही सरकारे आपापल्या अणुकेंद्रांची यादी, अक्षांश-रेखांशासह, एकमेकांच्या हाती देतात. शत्रूला आपल्या मर्मस्थानाचा पत्ता स्वतः लिहून द्यायचा आणि सांगायचे की इथे मारू नकोस, मीही तुझ्या तिथे मारणार नाही.

१९९२ पासून ही यादी दर वर्षी बदलली गेली. कारगिल झाले, तरी पुढच्या १ जानेवारीला यादी दिली गेली. डिसेंबर २००१ मध्ये संसदेवर हल्ला झाला, सीमेवर फौजा समोरासमोर उभ्या होत्या, तरी १ जानेवारी २००२ ला यादी दिली गेली. २६ नोव्हेंबरच्या मुंबई हल्ल्याला सव्वा महिना झाला नव्हता, तरी १ जानेवारी २००९ ला दिली गेली. मे २०२५ च्या चार दिवसांच्या लढाईत भारताने पाकिस्तानच्या किराना टेकड्यांतल्या अणुसाठ्यावर मारा केला, अशी अफवा पसरली आणि इकडे काही लोक खूशही झाले. तेव्हा भारतीय हवाई दलाच्या अधिकाऱ्यानेच पत्रकार परिषदेत सांगितले की तिथे आम्ही मारा केलेला नाही. अणुऊर्जा संस्थेनेही किरणोत्सर्गाची कोणतीही गळती झाली नसल्याचे कळवले. ज्यांना रोज सीमेवर एकमेकांशी लढायचे आहे त्यांनाही हा एक शब्द पाळावासा वाटला.

“पाकिस्तानच्या शब्दावर कसला विश्वास? लाहोर जाहीरनाम्याची शाई वाळायच्या आत कारगिल झाले.” हा आक्षेप खरा आहे. फेब्रुवारी १९९९ चा जाहीरनामा मेपर्यंत मोडला, आणि तो मोडणाऱ्यांना दोष द्यायला मी कचरत नाही. दहशतवाद्यांना आसरा देऊन वर बॉम्बच्या आड लपायचे, हा खेळ पाकिस्तानी लष्कराने खेळला आहे. त्याचा निषेध आपण मुसलमानांनी सर्वांत मोठ्या आवाजात करायला हवा. पण या करारांचा पायाच विश्वास हा नाही. मित्राशी करार करावा लागत नाही. शत्रूशी करायचा असतो, आणि तो अशा रीतीने करायचा असतो की पाळण्यात त्याचाही फायदा राहील. मार्च २०२२ मध्ये भारताचे एक ब्रह्मोस क्षेपणास्त्र चुकून सुटले आणि पाकिस्तानात मियाँ चन्नूजवळ पडले. भारताने चूक कबूल केली. त्या संध्याकाळी कोणी घाईने बटण दाबले असते तर? अशा चुका पुढेही होतील. त्या वेळी उचलायला फोन आणि उचलणारा माणूस पलीकडे हवा. यालाच मी संरक्षण म्हणतो.

दोन मापे आणि आपले माप

एक राग मात्र रास्त आहे. इराणने अण्वस्त्र प्रसारबंदी करारावर सही केली, निरीक्षक येऊ दिले, आणि बॉम्ब त्याच्यावर पडले. इस्रायलने सही केली नाही, निरीक्षक येऊ दिले नाहीत. १९८६ मध्ये मोर्देखाय वानुनूने दिमोनाचे गुपित फोडले तर त्यालाच अठरा वर्षे कोठडीत घातले. जगाची ही दोन मापे आहेत आणि ती खोटी आहेत. लिबियाच्या गद्दाफीने २००३ मध्ये अणुकार्यक्रम सोडला आणि २०११ मध्ये तो मारला गेला; उत्तर कोरियाने बॉम्ब केला आणि त्याला कोणी हात लावत नाही. यावरून आपले तरुण धडा काढतात: बॉम्ब असेल तोच जगतो.

कोण जगतो? राज्यकर्ता जगतो. बॉम्ब खुर्चीचे रक्षण करतो, रयतेचे नाही. सोव्हिएत संघाकडे हजारो बॉम्ब होते, तरी १९९१ मध्ये तो मोडला. पाकिस्तानकडे १७० च्या आसपास आहेत, त्यांनी तिथल्या शाळेतल्या मुलांना, मशिदीतल्या नमाजींना आत्मघाती हल्ल्यांपासून वाचवले का? खोट्या मापावर उपाय दुसरे खोटे माप हा नसतो. दिमोना हराम तर कहुटाही हराम, कहुटा हराम तर बाकी सर्वांचेही. इथे आपल्याच देशाचा बॉम्ब येतो, आणि मी तो टाळत नाही. १९९८ नंतर या देशात प्रफुल्ल बिडवईंसारखे आणि पलीकडे परवेझ हुडभॉय यांच्यासारखे लोक आपापल्या सरकारविरुद्ध हेच बोलले. त्यांना कोणी नागरिकत्व विचारले तरी ते बोलायचे थांबले नाहीत. आपणही त्या रांगेत उभे राहावे. किमान ‘पहिला वार आमचा नाही’ हे भारताने २००३ मध्ये अधिकृतपणे जाहीर केलेले धोरण ढिले होऊ देऊ नये, पाकिस्तानने ते आजवर स्वीकारले नाही म्हणून त्याला जाब विचारावा, आणि यादीचा करार अणुकेंद्रांपुरता न ठेवता धरणे आणि शहरे यांच्यापर्यंत वाढवा, अशी मागणी खासदाराकडे, पत्राने, सभेत, आपल्या नावाने करावी.

आपल्या नावाने, हे मुद्दाम म्हणतो. कारण आपण अजून डॉ. कलामांच्या नावामागे लपतो. कोणी डिवचले की ‘आमचे कलाम पाहा’ म्हणतो. कलाम मोठे होते. पण देशातल्या कोट्यवधी मुसलमानांनी नागरिक असल्याचा दाखला म्हणून एका माणसाचे क्षेपणास्त्र पुढे करावे लागते, यात कलामांचाही अपमान आहे आणि आपलाही. बॉम्ब म्हणजे काय हे परभणीला सांगावे लागत नाही. २१ नोव्हेंबर २००३ रोजी, रमजानच्या शेवटच्या जुम्म्याला, इथल्या मोहम्मदिया मशिदीत बॉम्ब फुटला आणि नमाजी रक्तात पडले. तो अगदी लहान बॉम्ब होता. ज्यांनी तो पाहिला त्यांना शांततेची भाषा करायला कोणाच्या परवान्याची गरज नाही.

आणि अणूचाच अभिमान बाळगायचा असेल तर त्यालाही जागा आहे. १९९९ पर्यंत आपल्याच जिल्ह्यात असलेल्या आणि आता हिंगोलीत गेलेल्या औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी ‘लायगो’ प्रयोगशाळा उभारायला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये २६०० कोटी रुपये मंजूर केले. प्रकल्प अणुऊर्जा विभागाचा आहे. त्याच विभागाचे, पण त्यातून कोणी मरणार नाही. जिंतूर-सेलूच्या मोहल्ल्यातली किती मुले-मुली बारावीला भौतिकशास्त्र घेतात, किती जणींना दहावीनंतर घरी बसवले जाते, याची चर्चा जमातीच्या बैठकीत एकदा व्हावी. अब्दुस सलाम यांच्या कबरीवरचा शब्द आपण परत कोरू शकत नाही. औंढ्याच्या त्या प्रयोगशाळेच्या हजेरीपटावर आपल्या मुलींची नावे मात्र लिहू शकतो. त्यासाठी अर्ज यंदाच भरावे लागतील.